स्टेशनबाहेर राहणाऱ्या मनोरुग्ण बाईसाठी नक्की काय करता येतं?

मृण्मयी_क
आमच्या स्टेशनाच्या पूर्वेला, पुलाच्या जिन्याखाली, दिवाळीपासून एक बाई राहते आहे. चाळिशीची असावी. अंगावर एकावर एक तीन-चार कपडे, भर उन्हातसुद्धा. केसांची जट झालीय, भोवती प्लास्टिकच्या पिशव्यांची गाठोडी. दिवसभर कुणाशी तरी बोलत असते, मध्येच शिव्या दिल्यासारखं ओरडते. काय बोलते ते कळत नाही, फुलवाला म्हणतो तेलुगूसारखं वाटतं. खायला दिलं तर घेते, तेही बंद पुडा असेल तरच. पैसे दिले तर फेकून देते.

गेल्या आठवड्यात तिच्या घोट्यावर मोठी जखम दिसली, त्यावर माश्या घोंघावत होत्या. दोन ठिकाणी चौकशी केली. एकीकडे उत्तर मिळालं, ही आमची हद्द नाही. दुसरीकडे विचारलं, सोबत नातेवाईक कोण येणार?

इथे कुणी असं काम केलंय का? कायदा काय म्हणतो? आम्ही चौघीजणी वर्गणी काढायला तयार आहोत, पण ती कुणाला द्यायची हेच कळत नाही.

तात्या_सदाशिव
ताई, सल्ला म्हणून सांगतो, हात पोळून घेऊ नका. यातली निम्मी माणसं सोंगं घेतात, मागे टोळ्या असतात. खरोखर आजारी असेल तर भिकारी पकडणाऱ्या गाडीला कळवा, ते नेतील.

गोदातीर
तात्या, पैसे फेकून देणारी बाई भीक मागत नसते हो. आणि त्या गाडीचं म्हणाल तर आपल्याकडे १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे खरा, पण तो रस्ता भिक्षेकरी गृहाकडे जातो, उपचारांकडे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने तर २०१८मध्ये तिथल्यापुरती त्यातली बरीच कलमं रद्दच केली.

मृण्मयी, मी मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काही वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा, लागू झाला २०१८मध्ये. त्याचं कलम १०० तुमच्या कामाचं. रस्त्यावर भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं, तर तिला संरक्षणात घेणं हे त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. मेहेरबानी नव्हे. लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. व्यक्ती बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा. नातेवाईक असण्याची अट कुठेही नाही. उलट नातेवाईक नाहीत म्हणूनच हे कलम आहे!

पूर्वी १९८७च्या कायद्यात न्यायाधीशाकडून आदेश घेतल्याशिवाय पान हलायचं नाही. आता आधी दवाखाना, मग बाकीचं.

उपचार फुकट. कलम १८मध्ये स्पष्ट लिहिलंय की बेघर आणि निराधार व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी मानसिक उपचार मोफत मिळतील, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. पण आधी जवळच्या सरकारी रुग्णालयातच जायचं. त्या जखमेसाठी तर आजच.

तोंडी सांगू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: व्यक्ती कुठे आहे, कधीपासून, काय दिसतं (जखम, उपाशी राहणं, रस्त्याच्या मध्ये जाणं), आणि 'कलम १००नुसार कार्यवाही व्हावी' हे शेवटचं वाक्य. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि पोच घ्या. पोच मागितली की हद्दीचा प्रश्न बऱ्याचदा आपोआप सुटतो.

एक विनंती. तिचा फोटो किंवा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. बरी झाल्यावर ही बाई कुणाची तरी आई, सून म्हणून गावात राहणार आहे.

हवालदारपुत्र
गोदाताईंना अनुमोदन. फक्त पोलिसांची बाजूही मांडतो, वडील याच खात्यातून निवृत्त झाले. अशी केस आली की एक गाडी आणि दोन माणसं (त्यात एक महिला शिपाई हवीच) रात्रभर अडकतात. सरकारी रुग्णालयात गेलं की म्हणतात, मनोविकारतज्ज्ञ सकाळी येतील. मनोरुग्णालयात गेलं की म्हणतात, आधी जखम बरी करून आणा. पहाटे चारला ती व्यक्ती पुन्हा त्याच गाडीत. एकदा असं झालं की पुढच्या वेळी कुठलाही अंमलदार हद्दीचा नकाशा काढून बसणारच.

म्हणून संध्याकाळी जाऊ नका. सकाळी नऊ-साडेनऊला जा, म्हणजे ओपीडी सुरू असताना तपासणी होते. सोमवार टाळा. कलमाचं पान छापून न्या, भांडायला नव्हे, अंमलदाराला वरिष्ठांना दाखवता यावं म्हणून. आणि तुमच्यातली एकजण दवाखान्यापर्यंत सोबत जा. सोबत सांगणारं माणूस असलं की डॉक्टरही नीट ऐकतात.

कावळा
एक विरोधी सूर लावतो. त्या बाईला कुणी विचारलंय का? तुम्हाला रोज जिन्यावरून जाताना तिचा त्रास होतो, म्हणून तिला उचलायचं? कपडे मळके आणि बडबड चालू, एवढ्यावर कुणालाही गाडीत घालायचं असेल तर निम्मं शहर न्यावं लागेल. नवा कायदा माणसाच्या इच्छेला मान द्यायचा म्हणून आला आणि आपण त्याचंच कलम काढून उचलाउचल करतोय.

गोदातीर
प्रश्न रास्त आहे. मळके कपडे हा निकष नाहीच. स्वतःची काळजी घेता येत नाही किंवा स्वतःला-इतरांना धोका आहे, हा आहे. चिघळलेल्या जखमेकडे लक्ष नसणं यात बसतं. आणि डॉक्टरांनी तपासून दाखल करायची गरज नाही म्हटलं, तर ठेवता येत नाही. तेव्हा तिला निवाऱ्यात सोडायची जबाबदारी पोलिसांची. (प्रत्यक्षात बरेच निवारे मनोरुग्ण म्हटलं की दार लावतात. सर्वोच्च न्यायालयाने लाख लोकसंख्येमागे एक निवारा सांगितला होता, तो आकडा तर सोडूनच द्या.)

पण उचलण्याआधी ओळख करून घ्या, हे मात्र खरं. अंगावरचे थर काढायला सांगू नका. रस्त्यावर एकटी झोपणारी बाई ते थर थंडीसाठी घालत नाही. ती बंद पुडाच घेते, म्हणजे कुणीतरी विष घालेल अशी भीती असेल. तिच्यासमोर बिस्किटाचा पुडा फोडून आधी स्वतः एक खा. रोज एकाच वेळी, एकाच व्यक्तीने जायचं. गाठोड्यांना हात लावायचा नाही, दवाखान्यात नेतानाही ती सोबत न्यायची. पिशव्या मागे राहिल्या म्हणून गाडीतून उडी मारलेली माणसं मी पाहिली आहेत.

शिउली
मी कोलकात्यात राहते, मूळची साताऱ्याची. कावळेबुवांच्या मुद्द्यावर इथलं एक उदाहरण. 'ईश्वर संकल्प' नावाची संस्था २००७पासून इथे काम करते. त्यांच्या 'नया दौर' उपक्रमात माणसाला रस्त्यावरून हलवतच नाहीत. डॉक्टर आणि कार्यकर्ते फुटपाथवर येतात आणि औषध रोज देण्याचं काम तिथल्याच कुणाला तरी सोपवतात: चहावाला, पानवाला, फुटपाथवरची शेजारीण. तो माणूस त्या रुग्णाला आधीपासून ओळखत असतो, रोज भाकरतुकडा देत असतो, त्यालाच गोळी द्यायला शिकवायचं.

आमच्या बाजारात एका आजोबांना मासेवाली बाई असं औषध द्यायची. गोळी घेतल्याशिवाय भात नाही, हा तिचा नियम. ते आजोबा पुढे तिच्याकडेच टोपल्या धुवायला लागले. प्रत्येकाला हे जमेल असं नाही, बाईमाणसाला रात्री रस्त्यावर ठेवणं तर मला पटतच नाही. बायकांसाठी त्यांचा वेगळा निवारा आहेच. पण तुमचा फुलवाला कामाचा माणूस दिसतोय, त्याला सोडू नका.

तात्या_सदाशिव
हे सगळं छान आहे, पण देशात अशी माणसं किती? एकेकाला बिस्किटं खाऊन दाखवत बसलात तर पुरं पडणार आहे का?

गोदातीर
किती ते कुणी मोजलंच नाही, तात्या. २०११च्या जनगणनेत बेघर माणसं १७ लाखांवर भरली. त्यातली मनोरुग्ण किती, माहीत नाही. २०१५-१६ला बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, ते घरोघरी जाऊन. ज्याला घर नाही तो त्यात येणार कुठून! शिवाय ते बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

सोलापुरी_चादर
मृण्मयीताई, आमच्या घरी तेलुगू बोलतात, पूर्व भागातले पद्मशाली आम्ही. फोनवर बोलायला मी किंवा आई कधीही तयार आहोत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

समई
आमच्या ओळखीत एकाला एका दर्ग्यात नेऊन ठेवलं होतं, तिथे अशा लोकांना सांभाळतात. तोही एक पर्याय आहे.

हवालदारपुत्र
समई, तमिळनाडूतलं एरवाडी आठवा. ६ ऑगस्ट २००१, दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमशेडला आग लागली आणि २८ जण जळाले, कारण त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. साखळीने बांधणं आता कायद्याने बंद आहे. श्रद्धा असेल तर नमस्काराला न्या, ठेवायला नको.

मृण्मयी_क
धागा वर काढतेय. सर्वांचे आभार, कारण अर्जावर पोच मागणं आणि सकाळी जाणं, या दोन्ही गोष्टी लागू पडल्या. सोबत आलेल्या महिला शिपाई फार चांगल्या होत्या. गाठोडी गाडीत घेतली म्हणून बाई चढली, नाहीतर अवघडच होतं. जखमेत अळ्या होत्या. हिमोग्लोबिन फारच कमी, अंगभर खरूज. आधी आठवडाभर त्याचेच उपचार झाले, मग मनोविकार विभागात हलवलं.

सोलापूरच्या काकू (म्हणजे 'चादर'च्या आई) फोनवर रोज दहा मिनिटं बोलायच्या. सुरुवातीला नुसतं ऐकायच्या. तिसऱ्या आठवड्यात बाईने आपलं नाव सांगितलं. गावाचं नाव मात्र काही केल्या येईना. तेव्हा तिथल्या सामाजिक कार्यकर्तीने गाव विचारणंच सोडून दिलं. बाजार कुठल्या वारी भरतो, नदी आहे का, माहेराहून सासरी जाताना बस कुठे बदलायची, गावात कुठल्या देवीची जत्रा, असं विचारत गेली. बस बदलायच्या गावाचं नाव आलं आणि तिथून तेलंगणातलं गाव सापडलं. काकूंनीच तिथल्या पोलीस ठाण्यात फोन लावून दिला. भाऊ आणि मुलगी येत आहेत. मुलगी कॉलेजात आहे.

गोदातीर
वाचून बरं वाटलं. हे असंच चालतं. यानेही जमलं नाही तर आधार केंद्रात नवीन नोंदणीचा प्रयत्न करतात. बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असले की अर्ज फेटाळला जातो आणि त्या फेटाळण्यातूनच जुन्या नोंदीचा माग लागतो.

वर्गणी अजून शिल्लक असेल तर रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या 'श्रद्धा' पुनर्वसन केंद्राचं काम बघून या. डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी यांनी हे १९८८मध्ये सुरू केलं. रस्त्यात नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला होता. उपचारांनी बरा झाल्यावर कळलं की तो बी.एस्सी. झालेला, आंध्रातल्या कडप्प्याचा. डॉक्टरांना २०१८मध्ये मॅगसेसे मिळालं, पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचे कार्यकर्ते रुग्णाला घेऊन रेल्वेने थेट त्याच्या गावापर्यंत जातात, हे. फक्त बायकांसाठी म्हणाल तर नगरजवळ शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि सुचेता धामणे यांचं 'माउली' आहे.

सातबारा
इतके दिवस नुसता वाचत होतो. पेढे वाटायच्या आधी एक सांगतो, कारण आमच्या घरात हे झालंय.

परभणी जिल्ह्यातलं गाव. माझे चुलते तरुणपणी घर सोडून गेले, मी तेव्हा शाळेत होतो. शोधलं, पेपरात दिलं, मग सोडून दिलं. आजी गेली. चुलती माहेरी राहिली. वाटणीच्या वेळी त्यांच्या हिश्शाचं काय, यावर वडील आणि आत्यांचं वाजलं. आणि एक दिवस दक्षिणेतल्या एका संस्थेचा कार्यकर्ता त्यांना घेऊन दारात उभा. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, हातात औषधांची पिशवी. गाव लोटलं. आईने ओवाळलं. वडील एका कोपऱ्यात बसून होते, त्यांना आनंदही झाला होता आणि सातबाराही डोळ्यासमोर होता, हे मला आता कळतं.

कार्यकर्त्याने वडिलांना बसवून सगळं समजावलं: आजार कसला, गोळी का थांबवायची नाही. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. पिशवीत महिन्याचं औषध होतं. तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे ती गोळी नव्हती. जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवस आणि एक माणूस मोडतो, आणि दिवस पेरणीचे. त्यात काका अगदी बरे दिसत होते. बऱ्या माणसाला गोळ्या कशाला, असं सगळ्यांना वाटलं. काकांनाही, कारण गोळीने हात थरथरायचे आणि पारावर पोरं हसायची. पोळ्यापर्यंत ते पुन्हा रात्रभर जागे राहायला लागले. बाहेरचं झालंय म्हणून एका भगताकडेही नेऊन आणलं. एका पहाटे ते स्टॅन्डवर सापडले, एस.टी.त बसलेले. कंडक्टर ओळखीचा होता म्हणून वाचलो.

त्यानंतर मात्र आमच्या गावच्या आशाताईंनी (आरोग्य खात्याच्या 'आशा' कार्यकर्तीने) मनावर घेतलं. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्याला एक इंजेक्शन सुरू केलं आणि हात थरथरण्यासाठी वेगळी गोळी दिली. इंजेक्शन आता प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर देते. तारीख आशाताईंच्या वहीत असते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं, निराधार योजनेचा अर्ज केला, ते पैसे काकांच्या हातात देतो. घरात स्वतःचा पैसा आला तसा त्यांचा आवाजही आला. हिश्शाचा वाद अजून मिटलेला नाही, पण ते आता स्वतः तलाठ्याकडे जाऊन भांडतात!

सांगायचं एवढंच, घरी पोचवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं कुठल्याच कलमात नाही आणि ते पुण्या-मुंबईत बसून होत नाही.

बर्फाळ
'सातबारा', प्रतिसाद दोनदा वाचला.

इकडे कॅनडात दुसऱ्या टोकाचा प्रयोग झाला. २००९पासून टोरंटोसह पाच शहरांत बेघर मनोरुग्णांना आधी भाड्याचं घर दिलं, उपचार किंवा दारू सोडण्याची अट न घालता, आणि मदतीला माणूस जोडून दिला. नेहमीच्या सेवांपेक्षा यातली माणसं घरात कितीतरी जास्त टिकली. आजाराच्या लक्षणांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे घर मिळालं म्हणून आजार जातो असं नाही. पण थंडी उणे वीसवर गेली की लक्षणांपेक्षा छप्पर महत्त्वाचं. एवढं होऊनही आमच्या ऑफिसखालच्या भुयारी वाटेत दर हिवाळ्यात माणसं झोपलेली असतातच, कारण घरभाडी.

कावळा
आणि ज्यांना घरी नेऊन सोडायला घरच नाही त्यांचं? नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं, भाऊ दार उघडत नाहीत. अशा बायका बऱ्या होऊनही मनोरुग्णालयात पंधरा-वीस वर्षं पडून असतात ना?

गोदातीर
असतात. कायद्यातलं कलम १९ त्यांच्यासाठीच आहे: घरचे घेत नाहीत किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवायचं नाही, सरकारने अशांसाठी सामूहिक घरं काढायची. काढली का, ते विचारू नका.

चेन्नईच्या 'द बनियन'ने, ही संस्था १९९३ची, यावर चांगला तोडगा काढलाय. चार-पाचजणी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात. स्वयंपाक, बाजार, भांडणं, सगळं आपापलं. मदतनीस असते. कुंपण नाही, पाटी नाही. हे काम त्यांनी महाराष्ट्रातही, रत्नागिरीकडे, नेलं आहे. घरमालक मिळवणं हे त्यातलं सगळ्यात अवघड काम. त्यामुळे इथे कुणाचा रिकामा फ्लॅट असेल आणि सोसायटीशी भांडायची तयारी असेल, तर वर्गणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

तात्या_सदाशिव
सोसायटी ऐकणार नाही. सचिव म्हणून सांगतो.

मृण्मयी_क
'सातबारा'दादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. भाऊ आणि मुलगी परवा येतील आणि दोन-चार दिवसांत डिस्चार्ज होईल. त्यांच्या गावाहून जिल्ह्याचं ठिकाण लांब आहे. निघायच्या आधी आम्ही इथून काय काय करून ठेवावं?

सातबारा
डिस्चार्ज कार्डावर औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्या, कंपनीचं नको, कंपनी गावात मिळत नाही. एकाऐवजी दोन महिन्यांचं औषध मागा. महिन्याचं इंजेक्शन चालेल का ते डॉक्टरांना आत्ताच विचारा, गावी गेल्यावर कोण विचारतंय. भावाशी नाही, मुलीशी बोला. गोळी थांबली की आधी काय दिसायला लागतं (झोप उडणं, बंद पुडा मागणं, जे असेल ते) ते तिला सांगून ठेवा.

गोदातीर
त्यांच्या जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाच्या नावाने रेफरल चिठ्ठी घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यांच्याकडेही आहे, तालुक्याला ठरलेल्या दिवशी डॉक्टर येतात का ते तिथल्या कार्यकर्तीकडून काढून घ्या. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मुलीच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. २०२२पासून सुरू आहे, फुकट आहे आणि तेलुगूत बोलतात. अपंगत्वाच्या कार्डाचा अर्ज गावी गेल्यावरच, तिथल्या पत्त्यावर.

सोलापुरी_चादर
आई म्हणतेय, दर महिन्याच्या पाच तारखेला मुलीला फोन ती करेल. कागदांचं भाषांतरही करून देतो, कार्डाचा फोटो मला व्यनिवर पाठवा. इथे टाकू नका.